माळ्यावरची विद्या : पोफळीच्या रानातील वृक्षारोहण व शिकार

महाशिवरात्रीच्या व्याधाची कथा ज्या घरात कधी ऐकली गेली नाही, असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे इसवी सन १७१८ साली, रचलेल्या शिवलीलामृताच्या दुसऱ्या अध्यायात ती विस्ताराने आली आहे. भाविक मनुष्य त्या कथेत बेलाची पाने व त्यांखालचे शिवलिंग पाहतो, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या जिज्ञासूने तीत आणखीही काही पाहावे. व्याधाने पाणवठ्याजवळचे झाड निवडले. अंधार दाटण्यापूर्वी तो वर चढून बसला. समोरचे दिसावे म्हणून त्याने दृष्टीच्या आड येणारी पाने खुडून खाली टाकली. आणि रात्रीचे चारही प्रहर तो जागा राहिला. झाडावर बसून शिकार करण्याच्या पद्धतीची चार मुख्य अंगे या कथेत जशीच्या तशी आली आहेत. म्हणजे ही विद्या निदान तीनशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना इतकी परिचित होती की, तिचे स्पष्टीकरण करण्याची गरज कथाकारास भासली नाही.

हीच विद्या आपल्या पोफळीच्या परिसरात कोणत्या कारणाने वाढली, तिचे नियम काय होते, ती कशी मावळली आणि तिच्यातील कोणता भाग आजही जपण्यासारखा आहे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

संस्कृतातील ‘मंच’ या शब्दापासून ‘माच’ व ‘मचाण’ हे शब्द आले. आपल्याकडे मात्र ‘माळा’ हाच शब्द रूढ आहे. घराच्या आढ्याखाली भाताच्या कणग्या ठेवतो तोही माळाच, आणि शेताच्या बांधावरील झाडात बांबू बांधून राखणीला बसतो तोही माळाच. एकाच शब्दाने दोन्ही जागांचा बोध व्हावा यात अर्थ आहे; कारण झाडावरचा माळा राखला तरच घरचा माळा भरत असे.

पोफळी हे गाव चिपळूण तालुक्यात, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी वसलेले आहे. पाठीशी सह्याद्रीचा उभा कडा आणि पुढे वाशिष्ठीचे खोरे. गावाचे नाव सुपारीच्या झाडाचे, म्हणजे जे झाड चढल्यावाचून फळ देत नाही अशा झाडाचे आहे. सपाट खाचरे थोडी आणि डोंगरउताराची वरकस जमीन अधिक. या वरकस जमिनीत नाचणी व वरी करावयाची आणि तिच्यावर वर्षाचे चार महिने काढावयाचे, असा येथील गरीब शेतकऱ्याचा संसार असे. पीक पोसण्याची आणि रानडुकरांचा कळप रानातून खाली उतरण्याची वेळ एकच. एका रात्रीत कळप शिरला की, सकाळी शेतात नांगरल्यासारखी माती तेवढी दिसावयाची.

त्या काळी नुकसानीचा अर्थ आजच्यापेक्षा फार कठोर होता. खोती मोडण्याचा कायदा १९४९ साली झाला. तत्पूर्वी कुळाने पिकविलेल्या धान्यातून खोताचा हिस्सा आधी बाजूला काढावा लागे. हिस्सा दिल्यावर उरेल त्यावर घर चालवावयाचे. डुकराने खाल्ले ते बहुधा कुळाच्या तोंडचेच असे. म्हणून भाद्रपदाच्या अखेरीपासून कापणी होईपर्यंत घरातील एक तरी माणूस रात्री झाडावर असे. त्याच्याजवळ गोफण, पत्र्याचा डबा आणि पेटता ओंडका असे. क्वचित एखाद्या घरी ठासणीची बंदूक असे. आपल्या पूर्वजांची शिकार प्रथम राखण होती आणि मग शिकार होती, ही गोष्ट ध्यानात ठेवल्यावाचून पुढील इतिहासाचा अर्थ लागणार नाही.

राजेलोकांची मृगया निराळी. घाटावर साताऱ्यास छत्रपती शाहूमहाराजांना शिकारीची आवड होती. त्यांच्या खंड्या नावाच्या श्वानाची समाधी संगम माहुली येथे आजही दाखवितात. पुढे इंग्रजी अमदानीत साहेबलोकांच्या शिकारीची पुस्तके झाली. गढवालमधील रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या, ज्याच्या नावावर सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे होती, तो १९२६ च्या मे महिन्यात जिम कॉर्बेट यांनी यात्रामार्गालगतच्या एका आंब्याच्या झाडावर बसून मारला, हे प्रसिद्धच आहे. कॉर्बेट यांच्या धैर्याविषयी कोणासही आदरच वाटेल. परंतु शिकारीच्या ग्रंथांत बंदूक चालविणाऱ्याचे नाव येते. दोन दिवस आधी झाड हेरणारा, त्यावर चढून वासे बांधणारा आणि उजाडल्यावर प्रथम खाली उतरून पाहणारा गावकरी बहुधा निनावीच राहतो. आपला इतिहास त्या निनावी माणसाचा आहे.

आता त्या विद्येचे नियम पाहू. ते कोणी लिहून ठेवले नाहीत; वडीलधाऱ्यांच्या तोंडून पिढीजात आले.

पहिला नियम झाडाच्या निवडीचा. ‘झाड ओळखेल तोच चढेल’ असा त्याचा मथितार्थ. ऐन, किंजळ व जुना आंबा ही भरवशाची झाडे. त्यांची फांदी भार घेते, आणि मोडण्यापूर्वी बहुधा कुरकुरून सूचना देते. शेवगा, पांगारा व सावर ही विश्वासास अपात्र. त्यांचे लाकूड ठिसूळ, आणि पांगारा-सावरीला काटे वेगळे. शिवरात्रीच्या कथेतील बेलही काटेरीच. व्याधाने तो निवडला तो पाण्याच्या सान्निध्यासाठी, चढण्याच्या सोयीसाठी नव्हे. आंब्यावर चढण्यापूर्वी ओंबिलांची घरटी पाहावयाची, कारण तांबड्या मुंग्या अंगावर पसरल्या म्हणजे हात आपोआप सुटतो. जुन्या झाडाची ढोली लांबूनच न्याहाळावयाची, कारण तीत साप, घोरपड अथवा मधमाश्या असावयाच्या. वाळकी फांदी कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहावयाची. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ अथवा भसका आवाज आला तर ती फांदी नाही असे समजूनच पुढे जावयाचे.

दुसरा नियम चढण्याचा. मनुष्यास दोन हात व दोन पाय मिळून चार आधार आहेत. त्यांपैकी तीन घट्ट असल्यावाचून चौथा हलवावयाचा नाही, हा या विद्येचा पाया होय. पाय फांदीच्या मध्यावर न ठेवता ती खोडास मिळते त्या बेचक्याशी ठेवावयाचा. तेथे फांदी सर्वांत बळकट असते. भार पायांवर घ्यावयाचा. हातांनी केवळ तोल सांभाळावयाचा. हातांवर लोंबकळत चढणारा तरुण पाहणाऱ्यास शूर वाटतो, परंतु अर्ध्या वाटेतच त्याच्या दंडांतील बळ संपते. जाणता मनुष्य सावकाश चढतो, म्हणून तो कमी दमतो आणि अखेर लवकर पोहोचतो. पाय अनवाणी ठेवावयाचे. तळवे घामेजले तर राख चोळावयाची. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते. त्या दिवसांत शिडीवाचून चढावयाचे नाही. शिडीही साधीच असे : एक जाड कळक घ्यावयाचा आणि त्याच्या पेरांजवळच्या फांद्या वीतभर राखून बाकी तोडावयाच्या, की पायऱ्या तयार झाल्या. ती शिडी खोडाला वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी बांधल्यावाचून तिच्यावर पाय ठेवीत नसत.

पोफळीच्या झाडाची रीत आणखी निराळी. त्याला फांदीच नाही. दोन्ही पावलांत दोराचा वेढा अडकवून, खोड पावलांमध्ये आवळून, हातांनी मिठी मारीत चढावयाचे. वाकबगार गडी एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरे झाड धरतो आणि जमिनीवर न उतरता ओळच्या ओळ उतरवून टाकतो. सुपारीच्या बागेत लहानपणापासून तयार झालेला हा पाय शिकारीच्या माळ्याला उपयोगी पडला, हे सांगावयास नकोच.

तिसरा नियम माळा बांधण्याचा. आडवे वासे शक्यतो माणग्याचे घेत, कारण तो बांबू भरीव असतो. बांधावयास केवणीच्या सालीचा दोर अथवा काथ्या. दोन बळकट फांद्यांच्या बेचक्यांत वासे टेकवावयाचे. केवळ दोराच्या बळावर माळा लोंबकळत ठेवावयाचा नाही. दोर जुना झाला की कापून नवा बांधावयाचा. ‘कालच तर बसलो होतो’ हे वाक्य माळ्यावर चालत नाही. आडोशाला डहाळ्या बांधावयाच्या त्या त्याच झाडाच्या, म्हणजे पाहणाऱ्या जनावरास वेगळेपण दिसत नाही. हे सर्व काम दिवसा, बसण्याच्या आदल्या दिवशीच, उरकावयाचे.

चौथा नियम हत्याराचा, आणि तो सर्वांत कडक. हातात अथवा खांद्यावर बंदूक घेऊन कोणी झाडावर चढत नसे. मनुष्याने आधी वर जावयाचे, नीट बसावयाचे, कमरेचा दोर खोडाला बांधावयाचा, आणि मग खाली सोडलेल्या दुसऱ्या दोराने बंदूक वर ओढावयाची. तीही दस्ता वर व नळी खाली अशी, आणि त्या वेळी खाली कोणी उभे राहावयाचे नाही. ठासणीच्या बंदुकीला केप वर बसल्यावरच लावावयाची, व उतरण्यापूर्वी ती काढावयाची. कोयताही याच रीतीने दोराने वर जाई. त्याहूनही पूर्वीच्या काळी तोड्याची बंदूक होती. तिची जामगी कुंभ्याच्या सालीच्या तंतूची करीत. ती धुमसत राही, परंतु विझत नसे. रानातील एक झाड बसावयास, दुसरे बांधावयास आणि तिसरे बार काढावयास, असा हा सारा संसार रानावरच चालला होता.

पाचवा नियम बसण्याचा. रानडुकराची नजर मंद आणि नाक तीक्ष्ण. ते वर पाहत नाही, पण वारा हुंगते. म्हणून जनावराच्या येण्याच्या वाटेवरून आपल्याकडे वारा येईल अशा बाजूचे झाड निवडावयाचे. विडी, तंबाखू, खोकला व बोलणे वर्ज्य. शुक्ल पक्षातील रात्री सोयीच्या. उंची बारा ते पंधरा हात पुरे. त्याहून उंच गेल्याने नेम साधत नाही आणि पडल्यास मनुष्य वाचत नाही. बिबट्या स्वतःच झाडावर चढतो, तेव्हा उंची हे त्याच्यापासून संरक्षण नव्हे. सर्वांत मोठा शत्रू मात्र बिबट्या नव्हे, तर पहाटेची झोप. दिवसभर शेतात राबलेला मनुष्य तिसऱ्या प्रहरी पेंगतो. म्हणूनच कमरेचा दोर ही भित्रेपणाची खूण नसून शहाणपणाची खूण मानली जाई.

सहावा व शेवटचा नियम उतरण्याचा. बार निघाला म्हणून तत्काळ खाली उतरावयाचे नाही. जखमी डुक्कर झुडपात दबा धरून राहते आणि त्याच्या सुळ्याची जखम मांडीचे मांस फाडून जाते. उजाडू द्यावयाचे, आरोळी देऊन माणसे बोलवावयाची, आणि मगच उतरावयाचे. तेही तोंड खोडाकडे करून, पायाने जागा चाचपीत. चढताना डोळे पायांच्या पुढे असतात, उतरताना मागे राहतात. म्हणून चढण्यापेक्षा उतरण्यास अधिक वेळ द्यावा, अशी वडीलधाऱ्यांची शिकवण होती.

एक गोष्ट येथे प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. ही विद्या आपल्या एकट्या ज्ञातीची मिरास नव्हे. या डोंगरपट्ट्यातील कातकरी बांधव झाड चढण्यात व रान वाचण्यात आपल्याहून पुढे होते. मध काढण्यासाठी वेलीच्या आधाराने उंच झाडावर जाणारा कातकरी ज्याने पाहिला, त्याला गुरू कोणास म्हणावे हे सांगावे लागत नाही. माथ्यावरील गवळी-धनगर मंडळींना जनावरांच्या वाटा ठाऊक असत. गावपारध निघाली की ग्रामदेवतेस गाऱ्हाणे घालावयाचे, हाकारे घालणारे एका अंगास व बंदूकवाले दुसऱ्या अंगास जावयाचे, आणि शिकार झाल्यावर देवाचा, बंदुकीचा, हाकाऱ्यांचा असे वाटे पाडावयाचे, ही रीत कोकणात गावोगाव होती. अशा कामात जातीपेक्षा कसब पाहिले जाई. समाजाच्या ग्रंथात समाजाचा अभिमान अवश्य असावा, परंतु ऋण विसरून नव्हे.

या विद्येचा ऱ्हास एकाएकी झाला नाही. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदुकीस परवाना लागू लागला. त्याच वर्षीच्या जंगल कायद्याने राखीव रानाच्या हद्दी आखण्याची वाट मोकळी झाली. १९१२ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली त्याहून व्यापक कायदा केला. त्याच दशकात कोयना प्रकल्प सुरू झाला. पोफळीच्या डोंगराच्या पोटात वीजगृह खोदले गेले व १९६२-६३ च्या सुमारास तेथे वीज निर्माण होऊ लागली. आपल्या गावचे नाव महाराष्ट्रभर झाले, परंतु रानाची जुनी घडी पालटली. तरुण मंडळी मुंबईच्या गिरण्यांत गेली. वरकस जमिनी ओसाड पडू लागल्या. आणि ज्या नाचणीसाठी माळा बांधावयाचा ती नाचणीच पेरली जाईनाशी झाली.

अखेर १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला आणि शिकारीचा काळ संपला. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झाले, आणि २०१० साली कोयना व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. आपल्या माथ्यावरचे रान आता वाघासाठी राखलेले आहे. परवानगीवाचून शिकार करणे हा गुन्हा आहे, आणि तो असावयासच पाहिजे. ज्या रानात एके काळी जनावरांची विपुलता होती, ते रान बंदुकीच्या व कुऱ्हाडीच्या अतिरेकाने ओस पडले, हे नाकारून चालणार नाही. रानडुकरांचा व वानरांचा उपद्रव आजही आहे. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करून नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग आहे. तो मार्ग संथ असला, तरी त्याच मार्गाने गेले पाहिजे.

तर मग या जुन्या विद्येचे आज प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्यास दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, माळा संपला नाही. त्याचे काम बदलले. बंदुकीच्या जागी कॅमेरा येऊ शकतो हे इंग्रज वनाधिकारी चॅम्पियन यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखविले. त्यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील अभयारण्यांतून वैशाखी पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांजवळ मचाणे बांधून वनखात्याचे लोक व निसर्गप्रेमी मंडळी प्राण्यांची गणती करीत आली आहेत. चांदणी रात्र, पाणवठा, वाऱ्याची दिशा, मौन आणि जागरण : नियम तेच, मात्र हातात बंदुकीऐवजी वही. व्याधाच्या कथेचा शेवटही हाच नव्हे काय? त्यानेही अखेर बाण खाली ठेवला.

दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. शिकार बंद झाली तरी झाडावर चढणे बंद झालेले नाही. आंबा, फणस, सुपारी व नारळ उतरविण्यासाठी आजही माणसे चढतात, आणि आजही पडतात. ज्या घरचा कर्ता पुरुष झाडावरून पडून कायमचा अंथरुणास खिळला, असे एखादे घर कोकणातील बहुतेक गावांत आहे. त्याचे एक कारण उघड आहे. पूर्वी मुलगा दहा वर्षे वडिलांच्या डोळ्यांसमोर चढून शिकत असे. आज मुंबईहून मे महिन्यात आलेला तरुण एक दिवसाच्या हौसेने पावसाळी चपला घालून झाडावर जातो. त्याच्या अंगी बळ आहे, परंतु तीन आधारांचा नियम त्याला कोणी सांगितलेला नाही.

साधनेही आता उपलब्ध आहेत. दापोलीचे कोकण कृषि विद्यापीठ ज्या वर्षी स्थापन झाले ते वर्ष १९७२, म्हणजे वन्यजीव कायद्याचेच. त्या विद्यापीठाने तयार केलेल्या ‘नूतन’ झेल्याने पुष्कळसा आंबा जमिनीवरून उतरविता येतो. माडावर चढण्यासाठी केरळातील चेंबेरी येथे तयार झालेले पायाने चालवावयाचे यंत्र आपल्याकडेही आले आहे. ते सरळ खोडाच्या झाडासाठी आहे, फांदीच्या झाडास चालत नाही, एवढे मात्र ध्यानात असावे. नारळ विकास मंडळाने माड चढणाऱ्यांसाठी विम्याची योजना काढली आहे. कमरेचा सुरक्षापट्टा तर कोणासही घेता येईल. आपल्या आजोबांनी केवणीचा दोर कमरेस बांधला त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. नातवाने पट्टा बांधण्यात तो का मानावा?

म्हणून ज्ञातिबांधवांस नम्र विनंती अशी की, आपापल्या घरी जे ऐंशी-नव्वदीचे वृद्ध अद्याप हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून ही विद्या विचारून घ्यावी. कोणते झाड भरवशाचे, कोणता दोर टिकाऊ, कोणत्या महिन्यात चढू नये, हे सर्व लिहून ठेवावे. आपल्या संघाच्या पुढील स्मरणिकेत अशा टिपणांस दोन पाने राखून ठेवावीत, आणि गावच्या उन्हाळी मेळाव्यात तरुणांना एखाद्या जाणत्या गड्याकडून झाड चढण्याचे व उतरण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. तो गडी कोणत्या ज्ञातीचा आहे हे पाहू नये. त्याला मानाने बोलवावे आणि त्याचा योग्य मोबदला द्यावा.

गड जिंकणाऱ्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. रात्रभर झाडावर जागून घरचा माळा भरणाऱ्या आपल्या पूर्वजांचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे. त्यांची बंदूक काळाने काढून घेतली, ते बरेच झाले. त्यांचा कमरेचा दोर मात्र आपण सोडता कामा नये.